दुसऱ्या पंगतीची वाट

ही मालिका पहिल्यांदा लावली तेव्हा आई मागे बसून गवार मोडत होती. पडद्यावर चार जण भुयारात चूल मांडून बसले होते. पातेल्यात हातभर लांबीचा विंचू रटरटत होता आणि शेजारी पाय फुटलेलं एक भलंमोठं अळंबं चिरून ठेवलं होतं. आईनं चष्मा कपाळावर सरकवला. "विंचू खातायत का गं हे?" मी हो म्हटलं. "नांगी काढली का आधी?"

काढली होती. नांगी पोटाला बाधते, असं त्या दाढीवाल्या बुटक्यानं नुकतंच बजावलं होतं. आईचं समाधान झालं आणि ती पुन्हा गवारीकडे वळली. माझं मात्र त्या क्षणी ठरलं की ही मालिका शेवटापर्यंत बघायची. शेवट अजून पडद्यावर आलेला नाही, आणि हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

मालिकेचं जपानी नाव ‘डंजन मेशी’. मेशी म्हणजे शिजलेला भात, आणि त्यावरून रोजचं साधं जेवण. शब्द जरा रांगडा आहे, ‘चला, दोन घास पोटात ढकलू’ या थाटाचा. डंजन म्हणजे व्हिडिओ गेममध्ये असतं तसं मजल्याखाली मजले असलेलं, राक्षसी प्राण्यांनी भरलेलं भुयार. जगभर ती ‘डिलिशस इन डंजन’ या नावानं नेटफ्लिक्सवर दिसते. मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, र्‍योको कुई यांची. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘हार्ता’ या नियतकालिकात ती सुरू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ९७व्या प्रकरणावर संपली. तेरावा आणि चौदावा हे शेवटचे दोन खंड त्याच डिसेंबरात एकदमच बाजारात आले. ॲनिमेचा पहिला भाग त्यानंतर, ४ जानेवारी २०२४ रोजी प्रसारित झाला. म्हणजे पानं मांडण्याआधीच सगळा स्वयंपाक उतरवून ठेवलेला होता. एकूण २४ भाग झाले. शेवटचा १३ जून २०२४ ला लागला आणि त्याच दिवशी दुसऱ्या मालिकेची घोषणा झाली. तारीख मात्र सांगितली नाही.

गोष्ट अशी. लायोस नावाचा तरुण आपल्या टोळीसह भुयारात खोलवर उतरलेला असतो. लाल ड्रॅगनशी गाठ पडते, आणि त्याची बहीण फालिन बाकीच्यांना मंत्रानं बाहेर पाठवता पाठवता स्वतः ड्रॅगनच्या पोटात जाते. या जगात मेलेल्या माणसाला जिवंत करता येतं. अट एवढीच की शरीर शिल्लक हवं. ड्रॅगनला ती पचायच्या आत पोचायचं आहे, पण सामान आत राहिलेलं, पैसे संपलेले आणि दोघे जण टोळी सोडून गेलेले. शिधा विकत घेत बसलं तर उशीर होणार. मग लायोस, जादूगार मार्सिल आणि कुलपं उघडण्यात तरबेज चिलचक ठरवतात की आत जे भेटेल ते मारून खात खात खाली जायचं. वाटेत सेन्शी हा बुटका भेटतो. दहा वर्षांहून जास्त काळ तो राक्षसी प्राण्यांच्या पाककलेतच मुरलेला.

गोष्टीचं सगळं यंत्र याच पेचावर चालतं. फालिनच्या दृष्टीनं पचन म्हणजे मरण, आणि तिला वाचवू पाहणाऱ्यांना त्या पचनावाचून गत्यंतर नाही. भुयारात प्रत्येक जण कोणाला तरी खातो आहे आणि कोणाच्या तरी तोंडचा घासही आहे. पहिल्या मालिकेत हे हसत-खेळत चालतं. पण वाचलेल्यांना माहीत आहे की हा विनोद पुढं दात काढतो.

राक्षस खाणं ही गंमत बऱ्याच जणांना सुचली असती. कुईंचं वेगळेपण असं की त्या तो पदार्थ खरोखर शिजवून बघितल्यासारखा लिहितात. चालतं-फिरतं चिलखत हा आपल्याला गेममधून माहीत असलेला निर्जीव शत्रू. कुई सांगतात, ती शिंपल्यातल्या प्राण्यांची वसाहत आहे, सांध्यांतून काढा आणि परता. मातीच्या गोलेमच्या पाठीवर सेन्शी बटाटे, गाजरं, कोबी लावतो. चालतं वावर, राखणीला वेगळा माणूस नको. मॅन्ड्रेक या मुळाची किंकाळी ऐकली की माणूस मरतो, म्हणून मार्सिल पुस्तकात सांगितलेल्या खटाटोपानं ते उपटायला जाते. सेन्शी ते ओरडायच्या आतच त्याचं मुंडकं उडवून मोकळा होतो. आणि मग खाताना कळतं की ओरडू दिलेल्या मुळाचा उग्रपणा कमी झालाय. दोघंही थोडे थोडे बरोबर निघतात.

हे बघताना मला शेवळं आठवली. पहिल्या पावसानंतर ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बाया जांभळट कोंबांच्या जुड्या घेऊन बसतात, त्या शेवळांच्या. नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून त्याच बाया सोबत काकडाची आंबट फळंही विकतात. त्यांचा रस घातला की खाज मरते. अळवात चिंच घालतो तीही त्याचसाठी. हे पहिल्यांदा कोणाला कळलं, आणि त्याआधी किती जणांचे घसे सुजले असतील? सेन्शी असाच कोणी तरी आहे. त्याचा पराक्रम लढाईतला नाही, ‘हे खाता येतं, पण असं’ हे सांगण्यातला आहे. आईला नांगीचा प्रश्न पडतो तो तिच्याकडे हे शास्त्र वारशानं आलंय म्हणून.

आता दुसऱ्या मालिकेकडे येते.

ॲनिमेच्या धंद्यात वर्षाचे चार तुकडे असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मालिका सुरू होतात. एका तुकड्याला ‘कूर’ म्हणतात आणि त्यात बारा-तेरा भाग बसतात. ‘डंजन मेशी’ला सलग दोन कूर मिळाले, हे मोठं भाग्य. बहुतेक मालिका एकाच कूरमध्ये आटोपतात, आणि त्यांतल्या कित्येकींचं पुढचं पान कधी वाढलंच जात नाही. कारण साधं आहे. जपानी ॲनिमे बहुतेक वेळा एकटा स्टुडिओ काढत नाही. प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, खेळणी बनवणारे असे चार-सहा जण पैसे घालून ‘निर्मिती समिती’ उभी करतात. स्टुडिओ बऱ्याचदा त्या समितीचा कंत्राटदार असतो. समितीतल्या प्रकाशकाला मालिका हवी असते ती पुस्तकं खपावीत म्हणून. एक सीझन झाला, लोकांना चटक लागली, पुढचं वाचायला ते दुकानात गेले, की प्रकाशकाचं काम झालं. म्हणून चांगल्या मालिकाही ऐन रंगात येऊन थांबतात. आपण इकडे बोटं मोडतो.

त्यात संपलेली मांगा असेल तर दुसऱ्या सीझनचं गणित आणखी अवघड, कारण नवे खंड यायचेच नसतात. तरीही इथं शेवटच्या भागाच्या दिवशीच घोषणा झाली. जुन्याच खंडांच्या एक कोटीच्या वर प्रती छापल्या गेल्या होत्या, शिवाय मालिका जगभर एकाच वेळी, आठवड्याला एक भाग या तालावर दिसत होती. समितीला जो काही हिशेब पटला असेल तो असो. मला चाहती म्हणून वेगळा हिशेब करायचा आहे, आणि तो शाळेतल्या भागाकाराएवढा सोपा आहे.

पहिल्या २४ भागांत कथा साधारण ५२व्या प्रकरणापर्यंत आली. म्हणजे एका भागात दोन प्रकरणं, किंचित जास्त. भागांची नावंही तशीच जोडीची आहेत, एक पदार्थ आणि दुसरा पदार्थ, ताटात दोन भाज्या वाढाव्यात तशी. उरली ४५ प्रकरणं. याच चालीनं गेलं तर एकवीस-बावीस भाग लागतील. पण शेवटाकडची प्रकरणं जाडजूड आहेत, तेव्हा २४ म्हणजे दोन पूर्ण कूर हवेतच. त्याहून एक-दोन जास्त मिळाले तर सोन्याहून पिवळं. बारा भागांत सगळं कोंबलं तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ते होऊन गेलेलं आहे.

‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ ज्यांनी पाहिली त्यांना माझा रोख कळला असेल. पहिली मालिका जानेवारी २०१९ मध्ये आली. बारा भागांत मूळ कथेची ३७ प्रकरणं, म्हणजे भागाला तीन. अनाथाश्रमातली मुलं, मायाळू ‘मॉम’ आणि कुंपणापलीकडचं भयंकर सत्य. श्वास रोखून बघावी अशी. मांगा २०२० मध्ये १८१ प्रकरणांवर संपली. २०२१ च्या जानेवारीत दुसरी मालिका आली ती अकरा भागांची. उरलेली १४४ प्रकरणं अकरा भागांत! भागाला तेरा. अर्थात तसं करता येतच नाही. चाहत्यांना अतिशय प्रिय असलेला ‘गोल्डी पाँड’चा सगळा अध्याय गाळला गेला, कथा बदलली, आणि शेवटी तर मुलांचं पुढचं आयुष्य स्थिरचित्रांच्या मालिकेत दाखवून पडदा पाडला. लग्नाचा अल्बम कोणी भराभर उलटत दाखवावा तसं.

या उदाहरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्टुडिओ तोच होता, दिग्दर्शकही तोच. दुसरी मालिका फसली की चाहते पहिल्यांदा ओरडतात ते ‘स्टुडिओ बदलला’ म्हणून. त्याला आधार आहे. ‘वन पंच मॅन’ची पहिली मालिका २०१५ मध्ये मॅडहाऊसनं केली, दुसरी २०१९ मध्ये जे. सी. स्टाफकडे गेली, दिग्दर्शक बदलला, आणि मारामारीतला फरक कोणालाही दिसेल असा होता. पण नेव्हरलँडनं दाखवलं की आचारी तोच, चूल तीच असूनही पंगत बिघडते. पन्नास पानांचं जेवण पाचशेंना वाढायला घेतलं की आमटीत पाणीच ओतावं लागतं.

उलट बाजूचं उदाहरण ‘मुशिशी’. युकी उरुशिबारा यांच्या या मांगावर २००५ मध्ये २६ भागांची मालिका आली. दिग्दर्शक हिरोशी नागाहामा, स्टुडिओ आर्टलँड. एका भागात एक गोष्ट, हळू, धुक्यातून चालल्यासारखी. मांगा २००८ मध्ये संपली. त्यानंतर कितीतरी वर्षं काहीच नाही. लोकांनी आशा सोडली होती. आणि २०१४ मध्ये दुसरी मालिका आली, त्याच दिग्दर्शकाची, त्याच स्टुडिओची, नायक गिंकोला तोच आवाज. मधली आठ वर्षं जणू नव्हतीच. एका भागात एकच गोष्ट ही शिस्तही त्यांनी मोडली नाही. भागांत जे बसेना ते दीर्घ विशेष भागांत घेतलं, आणि शेवटची गोष्ट २०१५ मध्ये चित्रपटगृहात दाखवून काम पुरं केलं. ‘मुशिशी’ हे माझ्या डोक्यातलं मोजमाप आहे. आठ वर्षं थांबायला लागली तरी चालेल, पण वाढताना घाई नको. (हे मी आज म्हणतेय. तिसऱ्या वर्षी विचारा.)

‘डंजन मेशी’ ज्या स्टुडिओनं केली तो ट्रिगर. हिरोयुकी इमाइशी, मासाहिको ओत्सुका वगैरे मंडळींनी गायनॅक्स सोडून २०११ मध्ये तो काढला. ‘किल ला किल’, ‘प्रोमेअर’, २०२२ ची ‘सायबरपंक: एजरनर्स’ ही त्यांची ओळख. भडक रंग, मोडतोड आणि किंचाळणारी पात्रं. एखादा माणूस साधं दार उघडेल तरी मागे स्फोट व्हावा, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे कुईंची शांत, तपशिलात रमणारी, भांडी घासण्यालाही जागा देणारी कथा ट्रिगरकडे गेल्याचं कळलं तेव्हा अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझ्याही. खरं तर तेव्हाच आठवायला हवं होतं की २०१९ मध्ये आठव्या खंडाच्या जाहिरातीसाठी ट्रिगरनंच एक छोटी फिल्म केली होती आणि ती झकास होती.

पहिल्या मालिकेचे दिग्दर्शक योशिहिरो मियाजिमा यांनी ट्रिगरचा आवाज बराच खाली आणला. आवेश आहे, पण तो मार्सिलच्या चेहऱ्यावर. ती ज्या तऱ्हेनं तोंड वेडंवाकडं करून ‘मी हे खाणार नाही’ म्हणते, तिथं स्टुडिओची सगळी हौस फिटते. सायाका सेन्बोन्गी यांचा आवाज त्याला तोलामोलाची साथ देतो. पटकथेची सूत्रं किमिको उएनो यांच्याकडे होती. आपल्याकडे हिंदीतून ‘शिन-चॅन’ बघत मोठ्या झालेल्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल, पण त्यांनी शिन-चॅनसाठी बरंच लेखन केलंय. घरगुती, खाण्यापिण्यातला, थोडा आगाऊ विनोद त्यांच्या हाताचा मळ आहे. संगीत यासुनोरी मित्सुदा यांचं. ‘क्रोनो ट्रिगर’ हा जुना गेम खेळलेल्यांच्या कानात ते नाव अजून वाजतं. गेमच्या जगावर प्रेम करणाऱ्या मांगाला गेमचाच संगीतकार मिळावा, हा योगही छान जुळला.

श्रेयनामावलीत मला सगळ्यात आवडलेली ओळ मात्र वेगळीच आहे. तिथं ‘पाककृती-रेखाटन’ असं स्वतंत्र काम आहे, मोमिजी माओ यांच्या नावावर. राक्षसांचं रेखाटन करणारा वेगळा आणि त्यांच्या भाजीचं करणारा वेगळा!

हे नुसतं कौतुक नाही. हातानं काढलेल्या चित्रांत जेवण दाखवणं हे मारामारी दाखवण्याइतकंच, कधी कधी त्याहून अवघड आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ १ जानेवारी १९६३ ला सुरू झाली, तेव्हापासून दूरचित्रवाणीवरच्या ॲनिमेनं काटकसर हीच शैली केली. एक चित्र दोन-तीन चौकटींसाठी वापरायचं, फक्त ओठ हलवायचे, बाकी देह स्थिर ठेवायचा. तरी एका भागाला काही हजार चित्रं लागतातच. लढाईत ही काटकसर वेगात लपते. जेवणात लपत नाही. तळणीत पीठ फुगणं, रश्श्यावरचा तेलाचा तवंग, वाफ, दाताखाली तुटणारी साल, यांतलं काही जरा चुकलं की पदार्थ प्लास्टिकचा दिसतो आणि प्रेक्षकाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. इथं तर पदार्थ विंचवाचा. पाणी सुटलं नाही तर मालिका तिथंच संपली.

म्हणून दुसऱ्या मालिकेकडून माझी पहिली अपेक्षा हीच आहे, आणि ऐकायला ती विचित्र वाटेल. लढाया कमी चांगल्या झाल्या तरी चालतील, स्वयंपाक कापू नका.

तसा मोह होणार हे उघड आहे. पहिली मालिका जिथं थांबली तिथपर्यंत कथेनं कूस बदललेली होती. (ज्यांनी अजून पाहिली नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा.) ड्रॅगन मारला, फालिनची हाडं मिळाली, मार्सिलनं निषिद्ध जादूनं ड्रॅगनचंच मांस वापरून तिला उठवलं, आणि त्याची किंमत अशी निघाली की फालिन अर्धी माणूस, अर्धी ड्रॅगन होऊन एका वेड्या जादूगाराच्या ताब्यात गेली. शेवटच्या भागात तिला सोडवायचा उपाय लायोसला सुचतो. उपाय म्हणजे तिच्यातला ड्रॅगनचा भाग खाऊन टाकायचा. चोवीस भाग जो विनोद होता, तोच योजना होऊन बसतो. बाकीच्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि माझाही तसाच झाला असणार.

इथून पुढं जगाचा पसारा वाढतो. एल्फांची ‘कॅनरी’ नावाची तुकडी भुयारात उतरते. खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पिंजऱ्यात नेत त्या पक्ष्याचंच नाव. राजकारण येतं, भुयारं मुळात कशासाठी असतात हा प्रश्न येतो, मोठमोठ्या झुंजी येतात. अशा वेळी निर्माते म्हणतात, आता कशाला ते पॅनकेक, सरळ झुंजीवर चला. आणि नेमकं तिथंच कुईंचं लेखन बिघडू शकतं. कारण कुई मोठे प्रश्नही जेवणातूनच सोडवतात. कॅनरींचा नायक मिथ्रुन हा माझा अत्यंत आवडता माणूस. एका जुन्या घटनेत त्याच्या सगळ्या इच्छा निघून गेल्या आहेत. भूक लागत नाही, झोप यावीशी वाटत नाही, खा म्हणून सांगावं लागतं. आणि त्याच्याबरोबर अडकतो काब्रू, ज्याला राक्षसी प्राणी खाण्याची मनस्वी शिसारी आहे. एकाला खायची इच्छा नाही, दुसऱ्याला समोर आहे ते खायची इच्छा नाही, आणि जगायला तर खाल्लंच पाहिजे. हा प्रसंग दोन मिनिटांत गुंडाळला तर मिथ्रुन म्हणजे फक्त एक लढवय्या उरेल. भराभर हालचाली करणारा, दिसायला देखणा, आणि पोकळ.

तशीच इझुत्सुमी. पहिल्या मालिकेच्या शेवटी शेवटी टोळीत आलेली, मांजराचा अंश असलेली ही पोरगी आवडतं तेवढंच खाते आणि बाकी ताटात सारते. प्रत्येक घरात असं एक असतं. पुढं एका प्रकरणात मोहिनीचं रूप घेऊन माणसाला भुलवणारी जात येते. कुईंनी त्या मोहिनीला चक्क डासाच्या कुळात नेऊन बसवलंय, यावरून त्यांच्या डोक्याची कल्पना यावी. ते प्रकरण आधी पोट धरून हसवतं आणि मग इझुत्सुमीपाशी येऊन अचानक गप्प करतं. माझी खात्री आहे की ते ट्रिगरच्या हातात फुलेल, फक्त शेवटची ती गप्प जागा त्यांनी संगीतानं भरून काढू नये. मित्सुदांनी तिथं वाद्यं खाली ठेवावीत, अशी आगाऊ विनंती.

सेन्शीचा प्रश्न वेगळा आहे. त्याची मोठी गोष्ट, तरुणपणी भुयारात उपाशी अडकल्याची आणि त्या एका वाटी रश्श्याची, पहिल्या मालिकेच्या तेविसाव्या भागात होऊन गेली. हिरोशी नाका यांच्या खर्जातल्या आवाजानं तो भाग असा काही उचलला की मी त्या रात्री जेवले नाही. म्हणजे दुसऱ्या मालिकेत त्याच्या वाट्याला स्वतःचं असं कमी आणि दुसऱ्यांना वाढण्याचं काम जास्त. अशी पात्रं पटकथेत पहिल्यांदा आकसतात. तसं होऊ नये. अदमंतचं पातेलं आणि मिथ्रिलची सुरी घेऊन तो मागे उभा असला तरच पुढच्या लोकांचं शौर्य खरं वाटतं.

शेवटाबद्दल मी काही सांगणार नाही. एवढंच म्हणते की त्या भुयाराच्या मुळाशी जे आहे तेही भुकेलंच आहे, आणि लायोसच्या टोळीनं इतके दिवस जे केलं त्याचा अर्थ तिथं लागतो. वाचताना मला चौदाव्या खंडाची शेवटची पन्नास पानं पुरवून पुरवून खावीशी वाटली. ट्रिगरला तिथं आपली सगळी आतषबाजी वापरायची मुभा आहे. इमाइशींच्या शाळेतल्या चित्रकारांनी खुशाल आकाश फाडावं. पण त्यानंतर जे घडतं, ज्याला वेळ लागतो, ज्यात बरेच हात लागतात, ते भराभर उलटलेल्या अल्बमसारखं दाखवलं तर मी नेव्हरलँडच्या चाहत्यांच्या शोकसभेत कायमची सामील होईन.

मला कोणी म्हणेल की सगळं माहीत असताना वाट कसली बघायची? हा प्रश्न मराठी माणसानं विचारू नये. कीचक मरणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असलेले लोक ‘कीचकवध’ बघायला गर्दी करत, ते कीचक मरतो का हे बघायला नव्हे. नटानं यंदा कोणती जागा घेतली, कुठं थांबला, हे बघायला. मांगा वाचून ॲनिमेची वाट बघणारा प्रेक्षक तोच. फक्त इथं नट म्हणजे हजारो चित्रं काढणारे हात, आणि ते थकले, घाईला आले, की जागा हुकतात. ट्रिगरकडे एकाच वेळी इतर कामंही असतात. २०१० सालच्या ‘पँटी अँड स्टॉकिंग’चा दुसरा भाग त्यांनी २०२५ मध्ये आणला, पंधरा वर्षांनी. तेव्हा वाट बघायला लावण्यात ते वाकबगार आहेत, आणि काम विसरत नाहीत, असं दोन्ही त्यातून काढता येतं. मी दुसरं काढलंय.

परवा आईनं पुन्हा विषय काढला. ती पहिली मालिका तिनंही मागे बसून, भाज्या निवडत निवडत, जवळजवळ सगळी बघितली आहे. मध्ये नावं विसरते, पण सेन्शीला ‘तो आचारी’ म्हणते आणि मार्सिलला ‘नकटी’. म्हणाली, "ती बहीण सुटली का गं शेवटी?"

"सांगू?"

"नको. येणार आहे म्हणालीस ना पुढचं." मग जरा वेळानं, "बरं, पण खातात काय ते तरी सांग."

मी पुस्तकं काढली आणि पानं उलटत एकेक पदार्थ सांगायला लागले. चौथ्या की पाचव्यावर तिनं हात वर करून थांबवलं.

"त्याचं पहिलं पाणी टाकून दिलं का?"

चित्रात ते दाखवलेलं नव्हतं. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, मग आचाऱ्यानं बाहेरच्या बाहेर टाकलं असेल.